सव्वा महिन्याची भिंत

१

सावदा-रावेर रस्त्यावरच्या केळी पिकवणी केंद्रातील दोन नंबरच्या खोलीचे कुलूप गुरुवारी सकाळी अकरा वाजता मालकांच्या समक्ष उघडण्यात आले. आत हिरवी केळी असायला हवी होती. तेथे पिवळी केळी निघाली.

एक नंबरच्या खोलीत स्थानिक बाजाराचा माल इथिलीन वायू सोडून पिकवला जाई. दोन नंबरची खोली नवी होती. तिच्यात परदेशी जाणारा माल साडेतेरा अंशांच्या गारव्यात हिरवाच झोपवून ठेवायचा होता. त्याने जहाजातून उतरेपर्यंत जागे होऊ नये, एवढीच त्या खोलीकडून अपेक्षा होती. तो माल सहा दिवसांत, कुलपाआड, पिवळा पडू लागला होता. दोन्ही खोल्यांच्या मध्ये चौदा इंचांची विटांची भिंत. तिला ना दार, ना झरोका.

"वायू काय पायी चालत गेला का रे तिकडे?" मालक बन्सीलाल भंगाळे यांनी विचारले. सगळे त्यांना आबा म्हणत. ते ओरडले नाहीत, आणि प्रेमराजला त्याचीच अधिक भीती वाटली.

प्रेमराज तेथला ऑपरेटर. तापमान, वायू आणि त्यांच्या नोंदी त्याच्याकडे होत्या. बाहेरच्या बोळात वायूचे एकच सिलिंडर होते. त्याच्या दोन नळ्या, दोन व्हॉल्व्ह. पुढेमागे दोन नंबरमध्येही माल पिकवता यावा म्हणून तिलाही नळी जोडून ठेवली होती. तो दुसरा व्हॉल्व्ह सदैव बंद ठेवायचा, असा नियम होता.

"चालत कशाला जाईल, आबा? ह्यानं व्हॉल्व्ह उघडा ठेवला," योगराज म्हणाला. तो आबांचा पुतण्या आणि केंद्राचा व्यवस्थापक. "आणि रजिस्टर बघा. शनिवारी एक नंबरला तीन वेळा जादा वायू दिल्याची नोंद आहे. एक नंबरला एवढा लागतो का कधी? रावेरचा व्यापारी ह्याला नोकरीला बोलावत होता, ते तर अख्ख्या सावद्याला माहीत आहे."

अंगणातले हमाल काम थांबवून ऐकत होते.

आबांनी फार विचार केला नाही. निष्काळजीपणाचा कबुलीजबाब चार वाजेपर्यंत लिहून दिला, तर फक्त कामावरून काढायचे. नाही तर मुद्दाम नासधूस केल्याची फिर्याद पोलिसांत द्यायची. "लोटनला फोन लावा. ह्याच्या बापासमोर सही होऊ दे."

दोन्ही वाटांनी तालुक्यातल्या कुठल्याही केळी केंद्राचे दार प्रेमराजला बंद होणार होते, आणि त्याला दुसरे कोणतेही काम येत नव्हते.

पण त्याची खरी धास्ती याहून वेगळी होती. त्या व्हॉल्व्हला तो रोज दोनदा हात लावून पाहत असे, आणि रोजचेच झाल्यामुळे त्यातली एकही वेळ त्याला वेगळी आठवत नव्हती. शनिवारचा हात आठवू गेले की रविवारचा आठवे. दुपारी बारापर्यंत त्याला आपण तो उघडा सोडल्याचेही चित्र दिसू लागले होते, आणि ते चित्र दर वेळी अधिक स्पष्ट होत होते.

२

विम्याच्या सर्व्हेअर कामिनी नेहेते जळगावहून साडेबाराला पोहोचल्या. पन्नाशीच्या, रसायनशास्त्र शिकलेल्या, बोलण्यात काटकसरी. त्यांनी चहाला नाही म्हटले आणि वहीला हो.

"मॅडम, गुन्हेगार सापडला आहे," योगराज म्हणाला. "कबुलीजबाब टाइप करून तयार आहे."

"मग माझं काम हलकं झालं. केळी तेवढी बघते."

प्रेमराज पुढे झाला. त्याला राहवेना. "मॅडम, व्हॉल्व्ह बंदच असेल. म्हणजे... मी बंदच ठेवतो. पण शनिवारचं मला नक्की..."

"तुम्हाला काय आठवतं ते मी विचारलेलं नाही," त्या म्हणाल्या. "आठवण ही मोजता न येणारी गोष्ट आहे. मला खोलीत किती थप्प्या आहेत ते सांगा."

"सोळा. चार ओळी, चार रांगा."

पिकण्याच्या रंगाला एकपासून सातपर्यंत आकडे असतात: एक म्हणजे गर्द हिरवे, सात म्हणजे ठिपके पडलेले पिवळे. कामिनीबाई प्रत्येक थप्पीतला एक खोका फोडायला लावत, मधली फणी उजेडात धरत आणि आकडा सांगत. प्रेमराज तो वहीतल्या सोळा चौकटींत लिही. तिनाचा आकडा दोनदा खोडावा लागला. आपल्याच शिक्षेचा हिशेब आपण लिहितो आहोत, असे त्याला वाटत होते.

पाऊण तासाने त्यांनी वही त्याच्यासमोर धरली. "काय दिसतं?"

दाराजवळच्या चौकटींत दोन, दोन, तीन, दोन. आत जावे तसे आकडे चढत होते. मागच्या, एक नंबरला लागून असलेल्या भिंतीच्या डाव्या अंगाला सहा.

"दोन नंबरची वायूची नळी कुठे उघडते?"

"दाराच्या वर." त्याने उत्तर दिले, आणि मग ते त्याचे त्यालाच ऐकू आले. "दाराच्या वर, मॅडम! व्हॉल्व्ह उघडा असता तर..."

"तर दाराजवळची आधी पिकली असती. थप्प्या इतक्या घट्ट लावल्या आहेत की हवा आत नीट फिरत नव्हती, म्हणून रंगांची ही चढण शाबूत राहिली. ढिल्या लावल्या असत्या तर काहीच कळलं नसतं."

प्रेमराज आबांना सांगायला दाराकडे वळला.

"हुरळू नका," त्या म्हणाल्या. "वायू दारातून आला नाही, एवढंच ठरलं. तो त्या मागच्या भिंतीतून आला, असं केळी म्हणतात. आणि भिंतीतून वायू येत नाही, असं तुमचे मालक म्हणतात. दोघांपैकी एकाचं चुकतंय."

थप्प्यांमधून त्या अंग चोरून मागच्या भिंतीपाशी गेल्या आणि थबकल्या. छातीच्या उंचीवर, गारव्याचा पाइप जेथे भिंत भेदून आत शिरत होता, तेथे रक्तासारख्या तांबड्या पाच बोटांचे ठसे होते.

३

"त्याले हात लावू नको, बाई!"

दारात धुरपदाबाई उभ्या होत्या, आबांच्या आई. वय ऐंशीपुढे, आवाज चाळिशीतला. सगळे त्यांना अक्का म्हणत आणि शक्यतो काही म्हणतच नसत.

"बोटं तुमची का, अक्का?"

"माहीच. मागच्या गुरुवारी सकायी ह्या नव्या खोलीची पूजा झाली, तव्हा हयदीची लावली. पिवळीच्या पिवळी हयद. घटकाभरात तांबडी झाली!" त्यांनी आवाज खाली आणला. "म्या तव्हाच म्हनलं, काहीतरी इपरीत हाये. आता पाहा, हयद तांबडी अन् केयं पिवळी. देवीचा कोप नाही तं काय?"

हमालांपैकी दोघांनी कानाला हात लावले. कोप असला, तर तो कोणावर आहे हे ठरवायला गावाला चार वाजण्याची गरज नव्हती.

"अक्का, कुंकू घरी केलंय कधी?" कामिनीबाईंनी विचारले.

"केलंय की. माह्या आईनं शिकवलं."

"कशाचं करतात?"

"हयदीत चुना..." अक्का बोलता बोलता थांबल्या.

"ओल्या सिमेंटमध्ये चुन्याचाच गुण असतो. दाराच्या चौकटीवर तुम्ही लावलेली हळद पिवळीच आहे. तिथे जुना रंग आहे. इथे सिमेंट उघडं होतं. कोप एवढा निवडून भिंत बघत नसावा." त्या वाकल्या. "पण तांबडा रंग फक्त सिमेंट आहे एवढंच सांगतो. खोलगटपणा अधिक सांगतो. बघा."

प्रेमराजने बॅटरीचा झोत तिरका धरला. पाचही ठसे नखभर खोल रुतले होते; बोटांवरच्या रेषासुद्धा उमटल्या होत्या.

"बोटं लागली तेव्हा हे ओलं होतं. म्हणजे त्याच पहाटेचं काम."

"त्यात काय लपवायचं?" योगराज मागून म्हणाला. "धुळ्याहून पाइप बुधवारी संध्याकाळी आला, उशिरा. पहाटेपर्यंत भोक बुजवलं. आणि पूजा झाल्यावर गुरुवारी दुपारी पातळ सिमेंटचं ग्राउट भरून पक्कं केलं. रजिस्टरमध्ये आहे."

त्याने रजिस्टर आणून दाखवले. गुरुवार, दुपारी दोन. दोन नंबर, पाइपभोवती ग्राउट पूर्ण. खाली योगराजची सही. शुक्रवारी सकाळी माल भरला होता.

कामिनीबाईंनी नोंद दोनदा वाचली. मग ठसे पाहिले. मग पुन्हा नोंद.

"हे काम कोणी केलं?"

योगराजने उत्तर द्यायला एका श्वासाइतका वेळ घेतला. प्रेमराजने तो श्वास मोजला.

४

चुडामण मिस्त्री पारोळ्याकडचा. अंगणात वजनकाट्याचा ओटा बांधत होता. कामिनीबाई, योगराज आणि प्रेमराज यांना येताना पाहून त्याने थापी पाण्याच्या बादलीत टाकली आणि हात धूत राहिला. गरजेपेक्षा बराच वेळ.

"मिस्त्री, पाइपभोवती गुरुवारी तुम्ही ग्राउट केलं?"

"हो, करं ना, ताई." तो बादलीकडे पाहून म्हणाला.

"मला बांधकामातलं फार कळत नाही," कामिनीबाई म्हणाल्या. "ग्राउट काय, प्लास्टर काय, शेवटी सिमेंटच ना? भोक बुजल्याशी कारण."

योगराज घाईने म्हणाला, "तेच तर. एकच असतं."

चुडामणने मान वर केली. आयुष्यभर एक काम नीट केलेल्या माणसाला काही वाक्ये सोसत नाहीत.

"एकच कसं शे, भाऊ?" तो म्हणाला. "वरणगावले मोठमोठ्या यंत्रेस्ना पाया मी ग्राउटवर बसाडेल शेतस. गिलावा थापीवर ऱ्हास, ग्राउट बादलीमा. गिलावा भीतवर बसस. ग्राउट भीतमा उतरस, जठे हात पोचत नही तठे. गिलावा वाळना का आकसस, कडाले फट सोडस. चांगलं ग्राउट आकसत नही. गिलावा म्हंजे सदरा, ताई. ग्राउट म्हंजे हाड."

"वा," कामिनीबाई म्हणाल्या. "म्हणजे भोकात ग्राउट ओतायचं, तर तोंडावरचा वाळलेला गिलावा आधी फोडावा लागेल?"

"फोडाच लागी. नही तं वतशात कोठून?"

हे उत्तर तोंडातून गेल्यावर चुडामणचा चेहरा उतरला. प्रेमराजला अजून काही उमगले नव्हते. पण योगराजने खिशातला मोबाइल काढून उगाच पाहिला, हे त्याच्या नजरेतून सुटले नाही.

"साडेतीन वाजले," योगराज म्हणाला. "लोटन सावद्याला उतरला असेल. मॅडम, तुमचा अहवाल सावकाश येऊ द्या. कागदावर सही उरकून घेऊ."

त्याने घडी केलेला कबुलीजबाब आणि पेन प्रेमराजपुढे धरले. "सही कर, गड्या. केस तरी वाचेल. तुला स्वतःलाच खात्री नाहीये, मला माहीत आहे."

ते खरे होते. प्रेमराजने पेन घेतले.

"सही करायची की नाही, ते तुम्ही ठरवा," कामिनीबाई म्हणाल्या. "पण मला दहा मिनिटं मदत लागेल. अक्कांकडून एक उदबत्ती मागून आणा. आणि एक नंबरचे पंखे चालू करायला तुमच्याशिवाय इथे कोणाला येतं?"

प्रेमराजने पेन कानामागे अडकवले आणि धावत सुटला.

५

दोन नंबरच्या खोलीतला पंखा बंद केला होता. आबा, अक्का, योगराज आणि चुडामण थप्प्यांच्या मधल्या अरुंद जागेत उभे होते. पिकत्या केळ्यांचा गोड, जड वास सगळ्यांच्या घशाशी बसला होता.

कामिनीबाईंनी पेटवलेली उदबत्ती पाइपजवळ धरली. धूर सरळ वर गेला.

"लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या. "सरळ वर. प्रेमराज, पलीकडचे पंखे!"

बोळातून खटक्याचा आवाज आला. भिंतीपलीकडे पंखे घुमू लागले. क्षणभर काहीच झाले नाही. मग धुराची रेघ एकाएकी वाकली आणि भिंतीपासून दूर, थप्प्यांकडे, आडवी पळू लागली. त्यांनी उदबत्ती हातभर बाजूला नेली. धूर पुन्हा सरळ. पाइपजवळ आणली, पुन्हा आडवा. पंखे बंद करायला सांगितले; सरळ. चालू, आडवा. त्यांनी हे तीनदा केले, कारण एकदा घडलेल्या गोष्टीवर त्यांचा विश्वास नसे.

"पाइपच्या कडेने भिंत श्वास घेतेय," त्या म्हणाल्या. "पलीकडच्या पंख्यांचा दाब वायूला इकडे ढकलत होता. एक नंबरमधला वायू कमी पडायचा, म्हणून प्रेमराज जादा सोडत होते आणि लिहीत होते. तो जादा वायू गेला कुठे, ते समोर आहे."

"ग्राउटलाही एखादी फट पडू शकते," योगराज म्हणाला. "किंवा पलीकडच्या बाजूने भरलं असेल."

"पडू शकते. भरलंही असेल. ती शंका रास्त आहे, म्हणून भिंतीच्या पोटात बघायला हवं. चुडामण, छिन्नी आहे?"

"लोखंड नाही!" अक्का भिंतीपुढे आडव्या आल्या. "नव्या भितीले हयद लागली का सव्वा महिना लोखंड लावाचं नाही. माह्या सासूपासून चालत आलं हाये. पूजेच्या दिवशी सगळ्यायले सांगलं होतं म्या."

कामिनीबाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले. त्यांना हवे होते ते बहुधा हेच वाक्य होते.

"लोखंड नको," त्या म्हणाल्या. त्यांनी उदबत्ती विझवली, नखाने तिचा मसाला सोलून काढला, उरलेल्या बांबूच्या काडीचे टोक पाइप आणि सिमेंट यांच्यातल्या काडीएवढ्या फटीत धरले आणि ढकलले. अर्धा इंच काडी अडखळत गेली. त्यानंतर कसलाही अटकाव उरला नाही. वीतभर काडी चिमटीपर्यंत आत गेली, आणि त्यांनी ती आत गोल फिरवूनही दाखवली.

"अर्धा इंच गिलावा. त्यामागे काही नाही. ही भिंत चौदा इंचांची नाही, आबा. इथे ती दोन्ही बाजूंनी अर्ध्या-अर्ध्या इंचाची आहे. ग्राउट भरलेलं असतं तर काडी मोडली असती. आणि गुरुवारी दुपारी ग्राउट भरायला हे तोंड फोडलं असतं, तर गुरुवारी सकाळची बोटं शाबूत कशी राहिली?"

चुडामणने डोक्याचा रुमाल काढला.

"योगराजभाऊनी सांगं," तो म्हणाला, "पूजाले भीत उघडी दिसाले नको, भोक ऱ्हायनं तं अपशकुन व्हई. दोन्ही तोंडे गिलावा मार. पूजा व्हवू दे, मंग फोडीसन ग्राउट भरू. मी तयार व्हतू. मंग अक्कानी लोखंड बंद करं. माल तं शुक्रवारले भराना व्हता. भाऊ म्हणे, चुपचाप ऱ्हाय. पोटना पायी चुप ऱ्हायनू, आबा."

प्रेमराज बोळातून परत येऊन दारात उभा होता. त्याच्या कानामागे अजून ते पेन होते.

"योगराज," आबा म्हणाले, "हे खरं आहे?"

"मला वाटलं, महिनाभर निभेल." योगराज कोणाकडेच पाहत नव्हता. "गिलाव्याने काय एवढं होतं, असं वाटलं. आणि अक्काला सांगणार कोण? तुम्हीसुद्धा कधी सांगता का?"

"पण सकाळी दार उघडलं, तेव्हा तुला कळलं."

योगराजचा हात खिशातल्या मोबाइलकडे गेला.

"कळलं, आणि तू ह्याच्याविरुद्ध कागद टाइप केलास."

अक्का खोक्याच्या कडेवर बसल्या. त्यांनी आपलीच पाच बोटे नव्याने पाहिली. "मले काहून नाही सांगलं रे?" त्या म्हणाल्या. "म्या नाही म्हनली असती का? म्हनलीही असती," त्यांनी प्रामाणिकपणे भर घातली. "पन मंग भांडाचं होतं माह्याशी. एवढ्याशा भोकापायी परायाचं पोर पोलिसात घालत होते तुम्ही. चुडामण, आन तुही छिन्नी. माह्यासमोर फोड."

कामिनीबाई वही मिटून निघाल्या. दारात प्रेमराजने त्यांना अडवले.

"मॅडम, मी सही करणार होतो. मला खरंच वाटायला लागलं होतं की व्हॉल्व्ह मीच..."

"वाटलं असेल," त्या म्हणाल्या. "दिवसभर चार जण एकच सांगत राहिले की माणसाला तसं दिसू लागतं. म्हणून तर मी तुम्हाला विचारलं नाही." त्यांनी वही काखेत मारली. "जादा वायूची नोंद मात्र तुम्ही केली होती. ती नसती, तर मला गळतीचा संशय घ्यायला आणखी दोन दिवस लागले असते. तुमच्याकडे दोन दिवस नव्हते."

६

चारला पाच मिनिटे कमी असताना लोटन फाटकातून आत आला. पायजमा धुतलेला, टोपी नीट बसवलेली, पायांवर रस्त्याची धूळ. आयुष्यभर त्याने याच लोकांच्या मळ्यांतून केळीचे घड खांद्यावर वाहिले होते, आणि त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटे खाली गेला होता.

आतून छिन्नीचे ठोके ऐकू येत होते. अंगणात आबा, अक्का, हमाल सगळे उभे होते. आपल्यासाठीच ही सभा भरली आहे, असे लोटनला वाटणे साहजिक होते. त्याने मुलाकडे पाहिले नाही. तो थेट आबांपुढे गेला, टोपी काढली आणि हात जोडले.

"आबा, पोराची काय आसंल ती चूक मी कबूल करतो. तुमचं नुसकान फेडाची माही लायकी नाही. मळ्यात म्हनसान तितके दिवस राबतो. पन केस नका करू. त्याचं लगीन ठरून रायलं हाये."

"बा, थांब," प्रेमराज म्हणाला. पण लोटनने वळून पाहिले नाही.

आबांचे ओठ हलले. सकाळी याच हमालांसमोर त्यांना एवढा वेळ लागला नव्हता. त्यांनी एकदा योगराज उभा होता तिकडे पाहिले, एकदा आईकडे. अक्का त्यांच्याकडे रोखून बघत होत्या.

"लोटन," ते शेवटी म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "तुझ्या पोरानं काही केलेलं नाही. त्यानं काम चोख केलं, आणि खरं तेच लिहून ठेवलं. चूक माझ्या घरातली. आणि सकाळी त्याला सगळ्यांसमोर बोललो, ती चूक माझी."

एसटीत बसल्यापासून लोटनने विनवणीचे एकेक वाक्य जुळवून, घोकून आणले होते; त्यातली निम्मी अजून म्हणायची बाकी होती. हे ऐकल्यावर काय म्हणतात, ते त्याला ठाऊक नव्हते. आबांनी पुढे होऊन त्याचे हात धरले, तरी ते जोडलेलेच राहिले.